आगळाची बाटली, डिलिव्हरी चार्ज आणि पंच्याऐंशी हजारांची वेबसाइट

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सिंधुदुर्गातल्या एका गावातून एक ताई लिहितात. गेली काही वर्षं त्या आणि त्यांची जाऊ मिळून आमसुलं, आगळ (कोकमाचा रस), कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, आंबापोळी, फणसपोळी करून विकतात. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते पार्ले-डोंबिवलीच्या प्रदर्शनांतून. लॉकडाउनमध्ये भाच्याने वेबसाइट करून दिली. आज साइटवर महिन्याला नऊशेच्या आसपास माणसं येतात आणि ऑर्डरी बाराच्या पुढे जात नाहीत. व्हॉट्सॲपवर मात्र महिन्याला साठ-सत्तर ऑर्डरी येतात, 'पण ती काय, ओळखीचीच माणसं.' फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर महिन्याला ६,००० रुपये जातात. एका एजन्सीने सांगितलंय की साइट जुनाट दिसते. नवी करायला ८५,००० आणि पुढे देखभालीचे वर्षाला १८,००० लागतील. भाचा म्हणतो ॲमेझॉनवर जा, यजमान म्हणतात साइट बंद करून व्हॉट्सॲपच चालवा. ताई विचारतात, 'ऑनलाइन गिऱ्हाईक येतं कसं आणि टिकतं कसं?'

ताई,

पत्र सविस्तर लिहिलंत आणि आकडे दिलेत, ते फार बरं झालं. पुष्कळ जण नुसतंच 'वेबसाइट चालत नाही' एवढं लिहितात आणि मग अंधारात चाचपडावं लागतं.

पहिलं म्हणजे, नऊशे माणसांत बारा ऑर्डरी हे नापासाचे मार्क नाहीत. ऑनलाइन दुकानात शंभरात एक-दोघांनी खरेदी केली तर ते वावगं मानत नाहीत. तुमचं दुकान त्याच रांगेत आहे. तेव्हा साइट जुनाट दिसते म्हणून कोणी घेत नाही, हे एजन्सीचं निदान मला पटत नाही. तुमचं दुखणं दुसरीकडे आहे आणि ते तुम्हीच दिलेल्या आकड्यांत दिसतंय.

जाहिरातीचे सहा हजार, साइटवरच्या ऑर्डरी बारा. म्हणजे एका ऑर्डरीमागे पाचशे रुपये जाहिरात. तुम्ही लिहिलंय की सरासरी ऑर्डर सहाशेची होते आणि सगळं वजा जाता दोनशे सुटतात. म्हणजे जाहिरातीतून आलेल्या प्रत्येक नव्या ऑर्डरीत तुम्हाला तीनशे रुपयांचा तोटा होतो. हे पाहून लगेच घाबरू नका. नवं गिऱ्हाईक पहिल्या ऑर्डरीला तोट्यात जाणं मोठ्या धंद्यातही चालतं, कारण तोच माणूस पुन्हा येईल हा त्यांचा हिशेब असतो. खरा प्रश्न असा की ही बारा माणसं पुन्हा येतात का? ते तुम्हाला ठाऊक नाही, असं तुम्हीच लिहिलंय. सुंदर नवी साइट झाली आणि बाराच्या वीस ऑर्डरी झाल्या, तरी ती माणसं परत येणार नसतील तर पंच्याऐंशी हजार वसूल व्हायला किती वर्षं लागतील, ते कागदावर मांडून बघा.

म्हणून आधी एक संध्याकाळ काढा. जाऊबाईंना सोबत घ्या, साइटच्या ऑर्डरींची ईमेलं आणि व्हॉट्सॲपच्या ऑर्डरींची वही समोर ठेवा. वर्षभरात कोणत्या नंबरावरून एकदाच ऑर्डर आली, कोणत्या नंबरावरून दोनदा, कोणत्यावरून त्याहून जास्त, एवढंच लिहून काढा. माझा अंदाज असा की व्हॉट्सॲपच्या वहीत तीच तीच नावं पुन्हा दिसतील आणि साइटवाली बहुतेक एकदाच येऊन गेलेली असतील. अंदाज चुकला तर उत्तमच.

आता साइटबद्दल. पत्रातला पत्ता माझ्या फोनवर मोबाइल डेटावर उघडला. आधी बराच वेळ पांढरा पडदा. मग माडांच्या बागेचे सरकणारे फोटो, 'वेलकम टू अवर वेबसाइट', मग तुमच्या ध्येयाचा एक परिच्छेद आणि त्याच्याखाली कुठेतरी माल. आगळाची बाटली निवडली. पानावर नाव, 'प्रीमियम क्वालिटी' हे दोन शब्द आणि २४० रुपये किंमत. पुढे गेल्यावर खातं उघडायला सांगितलं, पासवर्ड मागितला, पूर्ण पत्ता घेतला आणि अगदी शेवटच्या पानावर कळलं की डिलिव्हरी १४० रुपये. तिथे मी थांबले. माझ्याआधी बरेच जण तिथेच थांबले असणार.

हा केवळ माझा चिकटपणा नाही. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड या संस्थेने अनेक पाहण्यांची सरासरी काढली आहे. तिच्यानुसार टोपलीत माल टाकलेल्या शंभरातले सुमारे सत्तर जण पैसे न देताच जातात. काही नुसते बघे असतात, ते सोडून द्या. उरलेल्यांच्या कारणांत सगळ्यात वर असतात शेवटी वाढलेले खर्च, आणि जबरदस्तीने खातं उघडायला लावणं हेही यादीत बरंच वर आहे. तुमच्या साइटवर दोन्ही आहेत. दोन्ही काढायला नवी साइट लागत नाही. भाच्याला सांगा, खात्याशिवाय फक्त फोन नंबर आणि पत्ता घेऊन ऑर्डर होईल असं कर. सेटिंगमध्ये बहुधा तेवढीच एक खूण असते.

डिलिव्हरी चार्जाचा घोळ मात्र बसून सोडवावा लागेल. कुरिअर कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचं आकारमानही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर पैसे त्याचे लावतात. अर्ध्या लिटरची एक बाटली ३० × २० × १५ च्या खोक्यात घातलीत तर तुम्ही १.८ किलोचे पैसे भरता. तीच नीट गुंडाळून २२ × १२ × १२ च्या खोक्यात बसली तर हिशेब साडेसहाशे ग्रॅमच्या आत येतो, मग कुरिअरवाला खरं वजन धरतो. तेव्हा दोन-तीन मापांचे खोके ठरवून घ्या. ज्यांना कागदी खोके पुरवणारा जवळ सापडत नाही त्यांनी आंबा पाठवणाऱ्या बागायतदारांना विचारावं, त्यांना सगळे ठाऊक असतात.

मग किंमत नव्याने मांडा. एकट्या बाटलीवर डिलिव्हरी जड जाते हे खरंच आहे. म्हणून एकटी बाटली विकायचा आग्रहच सोडा. 'सोलकढीचा जोड' म्हणून दोन बाटल्या, 'पावसाळी डबा' म्हणून कुळथाचं पीठ, मसाला, आमसुलं, अशा जोडण्या करा, डिलिव्हरीचा बराचसा भाग त्यांच्या किमतीत धरा आणि पहिल्या पानावरच ठळक लिहा: अमुक रुपयांच्या वर घरपोच खर्च नाही, त्याखाली इतके रुपये. लोकांना डिलिव्हरीचे पैसे द्यायला तितकं वाईट वाटत नाही, जितकं ते उशिरा कळल्याचं वाटतं.

एजन्सीच्या कोटेशनमध्ये एक ओळ होती: 'आत्ता १७ जण हे पाहत आहेत' अशी पाटी आणि उलटं धावणारं घड्याळ. ही ओळ वाचून मला खरंच राग आला. १७ जण कुठून आणणार आहेत ते? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या अशा तेरा क्लृप्त्यांची यादीच जाहीर करून त्यांना बंदी घातली आहे. खोटी घाई लावणं त्यात आहे. किंमत आधी एक दाखवून शेवटपर्यंत वाढवत नेणंही त्याच यादीत आहे, तेव्हा तुमची शेवटच्या पानावरची १४० रुपयांची गंमत आजच वर आणा.

आता त्या नागपूरच्या गिऱ्हाइकाबद्दल. तुम्ही ते पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय: 'एकाने आगळ खारट लागतं म्हणून पैसे परत मागितले, असली माणसं भेटतात.' ताई, मला तर तुमच्या पत्रातली हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. त्या माणसाने काय केलं असेल? उन्हाळ्यात कोकम सरबत प्यावं असं वाटलं, तुमची जाहिरात दिसली, बाटली मागवली, पेल्यात दोन चमचे घालून वर गार पाणी ओतलं आणि घोट घेतला. आगळात मीठ असतं आणि सरबताच्या पाकात साखर, हे तुम्हाला-मला आईच्या स्वयंपाकघरात कळलं. त्याला कोण सांगणार होतं? तुमच्या पानावर 'प्रीमियम क्वालिटी' लिहिलं होतं.

प्रदर्शनातल्या स्टॉलवर असंच गिऱ्हाईक आलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? 'सरबताला हवंय का? मग हे नको, ते घ्या. हे सोलकढीला. एका नारळाच्या दुधाला एवढं घाला, मीठ वेगळं घालू नका, आधी चव बघा.' हे तुम्ही दिवसातून पन्नास वेळा बोलत असाल. ते सगळं बोलणं साइटवर आलेलंच नाही. स्टॉलवर लोक जे विचारतात, ते प्रश्न पुढच्या प्रदर्शनात वहीत टिपून घ्या. किंवा त्याची वाटही नको, व्हॉट्सॲपवरचे जुने संवाद वर सरकवत वाचा. 'फणसपोळी बरक्याची की काप्याची?', 'आमसुलं यंदाची का?', 'मसाल्यात तिखट किती? लहान मुलांना चालेल?', 'उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायचं का?' प्रत्येक मालाच्या पानावर अशा पाच-सहा प्रश्नांची उत्तरं, तुम्ही बोलता त्याच भाषेत. कॉपीरायटर लागत नाही. भाच्याला फोनवर बोलून दाखवा, तो टाइप करील.

फोटोंचंही तसंच. बाटली पांढऱ्या कापडावर ठेवून काढलेला फोटो ठीक आहे, पण अनोळखी माणसाला दुसरंच बघायचं असतं: आंबापोळीची जाडी, पोळी उजेडासमोर धरल्यावर कशी दिसते, पाकीट हातात केवढं दिसतं, मागचं लेबल. रातांबे (कोकमाची फळं) फोडताना, सालं उन्हात पसरलेली असताना, त्यांना पुन्हा रसाची पुटं देताना काढलेले साधे फोटो चालतील. तुमच्या अंगणात एप्रिल-मेमध्ये जे चालतं ते शहरातल्या नव्वद टक्के लोकांनी पाहिलेलंच नसतं (हा आकडा माझ्या मनचा, हिशेबात धरू नका). मात्र फोनमधून निघालेला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवू नका. माझ्या फोनवर तो पांढरा पडदा त्यामुळेच होता. गूगलचं स्क्वूश नावाचं फुकट साधन आहे. त्यात फोटो दीड-दोनशे केबीवर आणला तरी डोळ्यांना फरक कळत नाही. सरकणारे फोटो काढून एकच ठेवा. मग पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता घालून तपासा, तेही फुकट आहे. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे, असा गूगलचा निकष आहे.

शोधून येणाऱ्यांसाठी गूगल सर्च कन्सोल जोडून घ्या. लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत पोचतात ते त्यात दिसतं, आणि बघताना मजा येते. कुळथाच्या पिठाला मराठी माणूस रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहितो, हिंदीवाला कुलथी म्हणतो, बेंगळुरूचा हुरुळी शोधतो आणि डाएटवाली मंडळी हॉर्स ग्राम. तुमच्या पानावर नुसतं 'कु. पीठ ५०० ग्रॅ.' आहे! ही सगळी नावं वर्णनात सहज वाक्यात यावीत.

लेबलवरची माहिती साइटवरही हवी: निव्वळ वजन, एमआरपी, तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, किती दिवस टिकतं, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा आकडी क्रमांक. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे पत्ता, फोन, तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव आणि परतीचे नियमही दिसायला हवेत. कायदा राहू द्या बाजूला. ज्याने तुमचं गाव नकाशावरही पाहिलेलं नाही, त्याला सहाशे रुपये पाठवण्याआधी एवढंच तर बघायचं असतं. बाटली फुटून आली तर काय करता, ते दोन ओळींत लिहा. 'खोका उघडतानाचा फोटो पाठवा, नवी बाटली पाठवतो' एवढं पुरे. आणखी एक: पत्रात जीएसटीचा उल्लेख नाही. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल थोडी असली तरी नोंदणी लागते. बेंगळुरू-हैदराबादच्या ऑर्डरी घेत असाल तर आधी सीएला भेटा.

गिऱ्हाईक टिकवण्याचा तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो, आणि त्याचं उत्तर साइटवर फारसं नाहीच. ते खोक्यात आणि वहीत आहे. 'व्हॉट्सॲपवाले काय, ओळखीचेच' असं तुम्ही लिहिलंय. ती माणसं जन्मापासून ओळखीची नव्हती ना? डोंबिवलीच्या स्टॉलवर एकदा आली, पुन्हा मागवलं, मग ओळखीची झाली. तीच तुमची ऑनलाइन गिऱ्हाइकं. साइटवरच्या बारांना त्या वहीत आणायचं, एवढंच काम आहे.

प्रत्येक खोक्यात एक छोटं कार्ड घाला. एका बाजूला सोलकढीचं किंवा पिठल्याचं प्रमाण, दुसरीकडे तुमचा नंबर आणि 'हा नंबर सेव्ह करा, नवा माल आला की कळवू' ही विनंती. हे सेव्ह करणं महत्त्वाचं, कारण व्हॉट्सॲप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट यादीतला (एकदम अनेकांना पाठवलेला) निरोप, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो, आणि एका यादीत २५६ च माणसं बसतात. माल पोचल्यावर चार-पाच दिवसांनी विचारा, नीट आलं का, कसं वाटलं. त्या नागपूरकराने खारट म्हटलं असतं तर तेव्हाच म्हटलं असतं आणि तुम्ही सांगितलं असतं. मग बाटली संपायच्या सुमाराला एक आठवण. पुढचे निरोप हंगामाप्रमाणे: यंदाची आमसुलं वाळली, फणसपोळी झाली, दिवाळीच्या भेटीचे डबे तयार. महिन्याला एकाहून जास्त निरोप नको, आणि 'गुड मॉर्निंग'ची फुलं तर मुळीच नकोत. जो नको म्हणेल त्याचं नाव त्याच दिवशी काढा. चांगले अभिप्राय आले तर विचारून, फक्त पहिलं नाव आणि शहर घालून साइटवर लावा. स्वतः लिहू नका. तुमच्याच पोस्टवर तुमच्या मावसबहिणीची पाच कौतुकं मला दिसली, ती कोणालाही कळतात.

यजमान साइट बंद करा म्हणतात त्यात तथ्य आहे. साठ ऑर्डरी एकीकडे, बारा दुसरीकडे, मग दोन गाडे कशाला? तरीही मी बंद करणार नाही. रात्री अकरा वाजता अनोळखी माणूस तुम्हाला मेसेज करायला बिचकतो, साइट वाचतो. शिवाय उद्या व्हॉट्सॲपचं खातं काही कारणाने बंद पडलं तर तुमचं दुकान कुठे? साइटवर 'व्हॉट्सॲपवर विचारा' असं बटण मात्र प्रत्येक मालाशेजारी हवं. आणि महिनाभर व्हॉट्सॲपवर ऑर्डर देणाऱ्या प्रत्येकाला विचारा, आमचं कुठून कळलं? साठांतले काही आधी साइट बघून आलेले निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

भाच्याचं ॲमेझॉन: मसाला आणि कुळथाचं पीठ, म्हणजे न फुटणारा आणि हलका माल, तिथे ठेवून बघायला हरकत नाही. काचेच्या बाटल्या नकोत. तिथे कमिशन जातं, शेजारी तुमच्याहून स्वस्त पाकीट उभं असतं, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक त्यांचं राहतं. त्याला पुढच्या हंगामात आमसुलं वाळल्याचं कळवायला तुमच्याकडे नंबर नसतो. म्हणून तिकडे गेलात तरी साइट सोडून जाऊ नका.

एजन्सीला अजून नाही म्हणू नका, थांबा म्हणा. जाहिरातीचे सहा हजार दोन महिने बंद ठेवा. त्यातून नवे खोके, कार्डं आणि भाच्याच्या वेळेचे पैसे निघतील. घरचा आहे म्हणून त्याला फुकट राबवू नका, फुकटचं काम मागे पडतं. मग जाहिरात पुन्हा सुरू करा आणि दिवाळीनंतर तीच वही पुन्हा मांडा: पहिल्यांदा किती आले, दुसऱ्यांदा किती. दुसऱ्यांदा येणारे वाढलेले दिसले आणि तरीही साइट अपुरी पडते असं वाटलं, तर नवी साइट जरूर करा. त्या वेळी एजन्सीला आधी हे विचारा: किंमत आणि फोटो मी स्वतः बदलू शकेन का? गिऱ्हाइकांची यादी मला केव्हाही उतरवून घेता येईल का? १८,००० मध्ये नेमकं काय येतं?

आणि डोमेन. साइटचं नाव कोणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे, ते भाच्याला आजच विचारा. त्याच्या कॉलेजच्या जुन्या ईमेलवर असेल तर ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर करून घ्या, नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर नको, जाऊबाईंकडेही असू द्या.